बाबांच्या वहीतली कमळं: चक्रं सहा की सात, आणि त्यांना रंग कुणी दिले?

पारिजात

प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

आमच्या घरी अथर्वशीर्ष रोजचं. "त्वं मूलाधारस्थितोऽसि नित्यम्" हे मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून म्हणत आलेय, पण मूलाधार म्हणजे नक्की काय, हे कधी कुणाला विचारलं नाही. आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर माझी झोप उडाली. छातीवर कुणीतरी पाट ठेवल्यासारखं वाटायचं. मैत्रिणीने आग्रह केला म्हणून दोन दिवसांच्या एका चक्र-शिबिराला गेले. तिथे भिंतीवर मोठा तक्ता होता. सात चक्रं, आणि खालून वर शाळेतलं 'तानापिहिनिपाजा': मूलाधार तांबडं, मग नारिंगी, पिवळं, छातीतलं अनाहत हिरवं, आणि असं करत टाळूवर जांभळं. शिबिर घेणाऱ्या बाईंनी माझ्या छातीसमोर तळहात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमचं अनाहत बंद आहे. दुःख धरून ठेवलंय तुम्ही." मी तिथेच रडले. घरी आल्यावर मात्र वाटत राहिलं, की बाबांचं दुःख धरलं तर त्यात माझं काय चुकलं?

मागच्या आठवड्यात बाबांचं कपाट आवरताना एक दोनशेपानी वही सापडली. त्यात सहा पानांवर सहा कमळं काढलेली आहेत. कंपासने वर्तुळं, पट्टीने मधल्या आकृत्या, प्रत्येक पाकळीत एक अक्षर. अनाहताच्या पानावर बारा पाकळ्या आहेत, लाल शाईने रंगवलेल्या, त्यांत क पासून ठ पर्यंतची अक्षरं. मध्ये षट्कोन, तो शिसपेन्सिल घासून राखाडी केलाय, आणि आत 'यं'. हिरवा रंग अख्ख्या वहीत नाही. सातव्या पानावर वर फक्त 'सहस्रार' लिहिलंय, खाली पान कोरं.

आणखी एक. याच पानावर क, ज, ट आणि ठ या पाकळ्यांच्या टोकाशी निळ्या बॉलपेनचं एकेक टिंब आहे. घ, च आणि ञ या पाकळ्यांवर बारीक आडवी रेघ. बाकीच्या पानांवर असं काही नाही. आधी वाटलं शाई सांडली असेल, पण भिंगातून पाहिलं तर मुद्दाम केलेल्या खुणा आहेत.

बाबा कुठल्या योगवर्गाला गेलेले मला आठवत नाहीत. नोकरी, घर, आणि गुरुवारी भजन, एवढंच त्यांचं आयुष्य. तर मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वही खरी की तक्ता? चक्रं मुळात आली कुठून? आणि चक्र 'बंद' असतं असं जुन्या ग्रंथांत कुठे लिहिलंय का?

रानवाट

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

चक्रं वेदांतलीच आहेत. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात स्पष्ट म्हटलंय, "अष्टाचक्रा नवद्वारा देवानां पूरयोध्या", म्हणजे आठ चक्रांची आणि नऊ दारांची ही देवांची नगरी, आपलं शरीर. त्यामुळे मूळ शोधायचं तर तिथपर्यंत जावं लागेल. सहा-सात-आठ हा नंतरच्या परंपरांचा हिशोब. रंगांचं मला माहीत नाही.

औटकी

पारिजात, मी बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. तुमच्या वहीचं वर्णन वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

तुमच्या बाबांनी जे काढलंय ते मनाचं नाही. पाकळ्या, अक्षरं, षट्कोन, 'यं', लाल आणि धुरकट रंग हे सगळं 'षट्चक्रनिरूपण' या ग्रंथाशी जुळतं. बंगालच्या पूर्णानंद यतींनी शके १४९९ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७७ मध्ये तो लिहिला. त्यात अनाहताच्या पाकळ्या बंधूकाच्या फुलासारख्या सांगितल्या आहेत. बंधूक म्हणजे आपलं तांबडं दुपारीचं फूल. आतला वायूचा षट्कोन धुराच्या रंगाचा. राखाडी रंगाची पेन्सिल नसेल मिळाली म्हणून बाबांनी शिसपेन्सिल घासली असणार. ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता अक्षरांकडे बघा, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली मला तिथेच दिसते. सहाही पानं समोर मांडा आणि विशुद्धापासून, म्हणजे कंठापासून, खाली उतरत वाचा. कंठात सोळा पाकळ्या, त्यांत अ ते अः हे सोळा स्वर. हृदयात बारा, क ते ठ. नाभीत, म्हणजे मणिपुरात, दहा, ड ते फ. स्वाधिष्ठानात सहा, ब ते ल. मूलाधारात चार, व श ष स. उरले ह आणि क्ष, ते भुवयांच्या मध्ये आज्ञाचक्रात, दोन पाकळ्यांत. सोळा, बारा, दहा, सहा, चार आणि दोन मिळून पन्नास. आपण पहिलीत पाटीवर गिरवलेली वर्णमाला घशापासून माकडहाडापर्यंत ओळीने मांडलेली आहे! सहस्रारात याच पन्नास अक्षरांच्या वीस आवृत्त्या, म्हणून हजार पाकळ्या. त्या कागदावर सहसा कुणी काढत नाही. बाबांनी पान कोरं ठेवलं ते बरोबरच आहे.

म्हणजे हे साधनेचं मांडणीचित्र आहे. पूजेत न्यास करतात तो आठवा. "हृदयाय नमः, शिरसे स्वाहा" म्हणत बोटं एकेका अंगाला लावायची, की तिथे देवतेची स्थापना झाली. तंत्रातली चक्रं याच कुळातली. 'चक्र' या शब्दाला तिथे देवतांचं वर्तुळ, मंडळ असाही अर्थ आहे. हे मंडळ आधी जमिनीवर किंवा वस्त्रावर काढायचं, मग तेच देहात बसवायचं. साधक प्रत्येक ठिकाणी अक्षर, तत्त्व, देवता बसवतो आणि मग एकेक तत्त्व वरच्यात विरवत नेतो: पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात. लं, वं, रं, यं, हं ही त्यांचीच बीजं.

रानवाट, तुम्ही दिलेला मंत्र फार सुंदर आहे. पण त्यात नऊ दारं देहाची हे जसं लगेच कळतं, तशी ती आठ चक्रं कुठे, कोणती, हे मंत्र सांगत नाही. वेदात चक्र म्हणजे बहुतेक रथाचं चाक, नाहीतर काळाचं. देहातल्या वाटांचा स्पष्ट उल्लेख उपनिषदांत येतो. "शतं चैका च हृदयस्य नाड्यः" हे छांदोग्यात आहे, कठातही आहे: हृदयाच्या एकशे एक नाड्या, त्यांतली एक डोक्याकडे वर जाते. वाटा आहेत, कमळं अजून नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादात 'नाभिचक्र' येतं, पण तेही एकटंच.

चक्रांच्या रीतसर मांडण्या मिळतात त्या पुढे, तंत्रग्रंथांत. आणि तिथे मोजणी एक नाही. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चारच चक्रं: नाभीत चौसष्ट पाकळ्या, हृदयात आठ, कंठात सोळा, मस्तकात बत्तीस. काश्मीरच्या नेत्रतंत्रात सहा आहेत, पण नावं वेगळी: नाडी, माया, योगी, भेदन, दीप्ती, शांत. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ. आपल्याला पाठ असलेली मूलाधार ते आज्ञा ही सहा नावं ओळीने दिसतात ती कुब्जिकामततंत्रात, साधारण दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास. पुढे नाथ आणि हठयोगी परंपरांनी हीच मोजणी उचलली आणि ती घरोघर झाली. सहस्रार सहांच्या पलीकडचं, म्हणून जुना शब्द 'षट्चक्र' असाच आहे. 'सप्तचक्र' ऐकू येतं ते अलीकडे.

विद्यार्थी विचारायचे, "बाई, मग खरा आकडा कोणता?" मी म्हणायचे, ज्या साधनेत जितकी ठाणी लागतात तितकी. हाडं मोजावीत तशी ही मोजलेली नाहीत.

तक्त्यातले रंग मात्र भारतातले नाहीत, हे मी ठाम सांगते. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन या टोपणनावाने पूर्णानंदांच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १९१९ मध्ये छापलं, आणि चक्रं पश्चिमेत पोचली. १९२७ मध्ये थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या लेडबीटरांनी स्वतःच्या दृष्टीला दिसलेली चक्रं म्हणून वेगळंच पुस्तक काढलं. त्यात स्वाधिष्ठानाच्या जागी प्लीहेचं चक्र आहे आणि हृदयचक्र सोनेरी आहे. म्हणजे तोवरही हिरवं नाही. खालपासून वरपर्यंत इंद्रधनुष्य लावायची रीत पश्चिमेत १९७० च्या दशकात रूढ झाली आणि तिथून फिरून आपल्याकडे आली. तक्ता पाहून कुणाला ध्यान साधत असेल तर साधू दे. पण तो दाखवून तुमच्या बाबांच्या लाल कमळाला कुणी चूक म्हणू नये.

'बंद' या शब्दाबद्दल. संस्कृतात याला जे शब्द आहेत ते सांगते. कमळ 'अधोमुख' असतं, कुंडलिनी, म्हणजे मूलाधारात निजलेली शक्ती, वर आली की 'ऊर्ध्वमुख' होतं. चक्र 'भेदलं' जातं. तीन 'ग्रंथी', म्हणजे गाठी, आहेत, ब्रह्म, विष्णू आणि रुद्र या नावांच्या, त्या सुटतात. ही भाषा साधकाच्या वाटचालीची आहे, आणि तिच्या हिशोबाने आपण सगळेच अधोमुख. शोक करणाऱ्या माणसाचं एक चक्र तुंबलं आणि बाकीच्यांची वाहती, असं हळव्या माणसाला ऐकवावं, हे मी ज्या ग्रंथांत वाचलं त्यांत मला कुठे भेटलं नाही.

वेळ मिळाला की ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा. शके १२१२ चा ग्रंथ, आणि ज्ञानदेव नाथपंथाचे: गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ते. 'स्वाधिष्ठान' हा शब्द तिथे येतो, पण पाकळ्यांची आणि रंगांची यादी माउली देत नाहीत. ते कुंडलिनीच डोळ्यांपुढे उभी करतात: "नागाचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें". कुंकवात न्हालेलं नागाचं पिल्लू वेटोळं करून निजलंय. पुढच्याच ओवीत "मोटकी औट वळणी", लहानशी, साडेतीन वेढ्यांची. औट म्हणजे साडेतीन. माझी आजी पावकी-निमकीबरोबर औटकी म्हणायची, साडेतीनचा पाढा, तोच हा शब्द. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय. औट हाताच्या देहात औट वेढ्यांची शक्ती, हे मराठीतच इतकं जवळचं वाटतं.

टिंबांचं आणि रेघांचं मात्र मला उलगडलं नाही. क, ज, ट, ठ. मी दोनदा मोजलं, पुस्तकं काढून पाहिली. पूर्णानंदांकडे असं काही नाही.

हाडवैद्य

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिकताना मृतदेहाचं विच्छेदन केलंय, म्हणून एक बाजू मांडतो.

कमळं सापडत नाहीत. हे काही नवं नाही. दयानंद सरस्वतींनी स्वतःच सांगितलेली हकीकत आहे. तरुणपणी योगाचे ग्रंथ घेऊन ते गंगेच्या काठाने हिंडत होते. एकदा नदीतून वाहत चाललेलं प्रेत त्यांनी पोहत जाऊन ओढून आणलं, सुरीने कापलं, हृदय बाहेर काढलं आणि ग्रंथातलं वर्णन ताडून पाहिलं. काहीच जुळेना, तेव्हा पुस्तकं फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिली. खरं काय ते स्वतःच्या हाताने पाहायची ही हिंमत मला फार मोठी वाटते.

दुसऱ्या टोकाला मुंबईचे डॉ. वसंत रेळे. १९२७ च्या त्यांच्या पुस्तकात कुंडलिनी म्हणजे व्हेगस नर्व्ह अशी मांडणी आहे. पुढे कुणी चक्रांना मज्जातंतूंची जाळी म्हटलं, कुणी शरीरातल्या अंतःस्रावी ग्रंथी. मला हे ओढूनताणून वाटतं. व्हेगस मेंदूतून निघून खाली पोटापर्यंत येते, कुंडलिनी खालून वर जाते. दोन्हींना आपापल्या जागी राहू द्यावं.

पारिजात, एक सांगतो, राग मानू नका. छातीवर पाट ठेवल्यासारखं वाटणं आणि झोप उडणं जवळचं माणूस गेल्यावर होतं, हे खरं. पण आठ महिने झालेत. एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, ईसीजी काढा. चक्रांचा अभ्यास त्याने थांबत नाही.

औटकी

हाडवैद्य, ईसीजीचं बोललात ते फार बरं केलंत. पारिजात, ते आधी करा.

दयानंदांची गोष्ट मी वर्गात सांगायचे. त्यांच्या प्रामाणिकपणापुढे मी हात जोडते. पण प्रेतात जे शोधलं ते तिथे असणार नव्हतं. पूर्णानंद एकेक चक्र सांगतात आणि लगोलग त्याचं ध्यान केल्याचं फळ सांगतात. रांगोळी जिथे काढली तिथली फरशी फोडून रांगोळी सापडत नाही, तसंच हे.

शेवंती

मी यातली अभ्यासक नाही. आमच्या आत्या दर शुक्रवारी ललितासहस्रनाम म्हणायच्या, त्यांच्या मांडीला मांडी लावून मी शिकले. पण औटकी ताईंनी अक्षरं कंठापासून खाली मोजली, तेव्हा मी दचकलेच.

सहस्रनामात चक्रांच्या देवी येतात त्या याच क्रमाने! "विशुद्धिचक्रनिलया" पहिली. मग अनाहत, मणिपूर, स्वाधिष्ठान, मूलाधार, आणि मग एकदम उडी मारून आज्ञा, शेवटी सहस्रदल. मला लहानपणापासून वाटायचं, सुरुवात घशातून का? मध्येच उडी का? आज चाळीस वर्षांनी उत्तर मिळालं. वर्णमालेचाच क्रम तो.

या देवींची मला माया आहे, कारण प्रत्येकीचं आवडतं जेवण सांगितलंय. विशुद्धीतली डाकिनी पायसान्नप्रिया, तिला खीर. अनाहतातली राकिणी स्निग्धौदनप्रिया, तिला तूपभात. मणिपुरातल्या लाकिनीला गूळभात, स्वाधिष्ठानातल्या काकिनीला दहीभात, मूलाधारातल्या साकिनीला मुगाचा भात, आज्ञेतल्या हाकिनीला हळदीचा भात. आणि सहस्रारातली याकिनी सर्वौदनप्रीतचित्ता, तिला सगळेच भात आवडतात. आत्या त्या नावाला दर वेळी किंचित हसायच्या.

शिवाय प्रत्येकीचा एक धातू. पहिली त्वचेत राहते, दुसरी रक्तात, मग मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. तोंडंही चढत्या क्रमाने: विशुद्धीत एक, अनाहतात दोन, मणिपुरात तीन, असं करत मूलाधारात पाच आणि आज्ञेत सहा. आत्या सांगायच्या, आकाशाला एकच गुण, शब्द. वायूला दोन, शब्द आणि स्पर्श. पृथ्वीला पाचही, म्हणून पाच तोंडं.

रंगांचं म्हणाल तर इथे अनाहतातली देवी "श्यामाभा", सावळी. पूर्णानंदांचं कमळ लाल. आपल्याकडेही एकच एक रंग नाही म्हणायचं.

पारिजात ताई, अनाहतातली देवी तुमच्या रक्तात राहते आणि तिला तूपभात आवडतो. मला तर ती दुःखाने दार लावून बसेल असं वाटत नाही. तुम्ही आधी दोन घास नीट जेवा.

तानपुरा

इथे मी फक्त वाचत असतो, पण टिंबं आणि रेघा वाचून राहवलं नाही. औटकी ताई, तुम्ही योगाच्या पुस्तकांत शोधलंत. हे संगीताच्या ग्रंथात आहे.

शार्ङ्गदेवांचा 'संगीतरत्नाकर'. तेराव्या शतकाचा पूर्वार्ध, देवगिरी, सिंघण यादवाचं राज्य. घराणं मूळ काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले, आणि शार्ङ्गदेव यादवांच्या दरबारात हिशोबाच्या मोठ्या हुद्द्यावर. वैद्यकही जाणत होते. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच यादवांच्या मुलखात, तिच्या आधी काही दशकं. या ग्रंथात श्रुती-स्वरांच्याही आधी देह कसा घडतो याचं प्रकरण आहे, कारण नाद देहातून निघतो. त्यात चक्रं येतात. सहा नाहीत, दहा. तोंडातल्या टाळूशी ललना नावाचं बारा पाकळ्यांचं चक्र, आज्ञेच्या वर मनश्चक्र, सोमचक्र, शेवटी सहस्रपत्र.

आणि तिथे प्रत्येक पाकळीवर मनाची एकेक वृत्ती बसवलेली आहे. अनाहताच्या बारा पाकळ्या ओळीने सांगतो: लौल्याचा म्हणजे हावेचा नाश, वितर्क, अनुताप, आशा, प्रकाश, चिंता, समीहा म्हणजे इच्छा, समता, दंभ, वैकल्य, विवेक, अहंकार. जीव या पाकळ्यांवरून फिरत असतो. पुढचा श्लोक गाणाऱ्यांसाठी आहे. जीव पहिल्या, आठव्या, अकराव्या किंवा बाराव्या पाकळीवर असताना गाणं सिद्धीला जातं. चौथ्या, सहाव्या आणि दहाव्या पाकळीवर असताना गाणं नासतं.

आता क ख ग घ मोजा. पहिली पाकळी क, आठवी ज, अकरावी ट, बारावी ठ. ही तुमची टिंबं. चौथी घ, सहावी च, दहावी ञ. या तुमच्या रेघा. आशा, चिंता, वैकल्य.

माझ्या गुरुजींनी हा श्लोक मला एकदाच सांगितला होता. मैफलीच्या आधी माझे हात गार पडले होते. म्हणाले, "सहाव्या पाकळीवर बसला आहेस. उठ, दोन पाकळ्या पुढे सरक." सहावी चिंता, आठवी समता. मी डोळे मिटून षड्ज लावला, बराच वेळ तोच धरून राहिलो, आणि मग गायलो. आता गाण्याआधी दर वेळी मी मनात सरकतो. समतेवर गाणं लागतं हे कुणीही मान्य करेल. बाराव्या पाकळीवर अहंकार आहे आणि तीही गाण्याला चांगली म्हटलीय, याचं मला फार वर्षं नवल वाटायचं. पण 'मी गाणार' एवढं म्हटल्याशिवाय आवाज सुटत नाही, हे पुढे कळलं.

म्हणून 'बंद'बद्दल माझं म्हणणं असं. हृदयात शोकाला, काळजीला जागा आहे, हे आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे. पण ती बारातली एकेक पाकळी आहे आणि जीव एका जागी बसून राहत नाही.

पारिजात, तुमचे बाबा भजन गायचे असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते पुढे बसून गायचे की मागे साथीला?

पारिजात

तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि वही घेऊन खिडकीपाशी बसले. एक ते बारा बोटाने मोजलं. बरोबर आहे.

बाबा पुढे बसून गायचे, पेटी स्वतः वाजवत. आणि सुरू करण्याआधी डोळे मिटून खूप वेळ नुसता एकच सूर धरून बसायचे. आई म्हणायची, "लोक ताटकळलेत, म्हणा आता." आम्हाला वाटायचं पेटी लागत नाहीये.

इतकी वर्षं त्यांना गाताना ऐकलं, आणि यातलं काही मला माहीत नव्हतं. हे कुणाकडून शिकले, कुठल्या पुस्तकातून उतरवलं, आता विचारायला ते नाहीत. पण वहीत परत पाहिलं तर ज च्या पाकळीवरचं टिंब बाकीच्यांपेक्षा मोठं आहे. पुन्हा पुन्हा गिरवलंय, इतकं की कागदाला मागून उंचवटा आलाय. पान उलटं धरून बोट फिरवलं की लागतो.

हाडवैद्य दादा, परवाची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. शेवंती ताई, आज तूपभात केला होता. औटकी ताई, सहाही पानांचे फोटो काढून ठेवते, मणिपुराच्या पानावर समासात दोन ओळी संस्कृत आहेत, त्या मला लागत नाहीत. तुम्ही वाचून द्याल का?

औटकी

द्या. वाट बघते. फोटो उजेडात काढा, आणि समासाचा जवळून वेगळा.